सात रात्री बोटीवर, रोज तीन बुड्या

प्रश्न : आम्ही नवरा-बायको, वय ४८ आणि ४५. मागच्या हिवाळ्यात तारकर्लीला राहून स्कूबाचा ओपन वॉटर कोर्स केला, नंतर मुरुडेश्वरला जाऊन नेत्राणी बेटापाशी दोन दिवस बुड्या मारल्या. आता मित्रमंडळींनी फेब्रुवारीत मालदीवची सात रात्रींची सफारी बोट ठरवली आहे. राहणं-जेवणं बोटीवर आणि रोज तीन बुड्या. आम्ही जावं का? जायचं तर सोबत काय काय न्यायचं, याची यादी द्याल का? मला ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे आणि हिला बोट लागते.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जा. वय, गोळी, बोट लागणं, यांतलं काहीच आड येणारं नाही. फक्त प्रत्येकाची तजवीज वेळेत करावी लागेल. यादी देतेच, पण जरा पुढे. बॅग निघायच्या आदल्या रात्रीसुद्धा भरता येते. शरीर आणि हात मात्र आतापासून तयार करायला हवेत, आणि फेब्रुवारीला अजून पाच-सहा महिने आहेत हे तुमच्या पथ्यावर पडणारं आहे.

आधी बोटीवरचा दिवस कसा जातो ते सांगते. सहाच्या आत केबिनचं दार वाजतं. चहा-बिस्किटं होईतो गाईड फळ्यावर बुडीच्या जागेचा नकाशा काढतो : ओढ कुठून कुठे आहे, कुठे उडी घ्यायची, किती खोल जायचं, कुठे वर यायचं. मग सगळे धोणीवर जातात. मालदीवमध्ये राहायची बोट वेगळी आणि बुडीची वेगळी. सिलेंडर, ते भरायचा कॉम्प्रेसर आणि प्रत्येकाचं सामान या धोणीवर असतं आणि ती मोठ्या बोटीच्या सोबतीने फिरते. पहिली बुडी नाश्त्याच्या आधी, दुसरी अकराच्या सुमाराला, तिसरी दुपारी तीन-साडेतीनला. एखाद्या दिवशी अंधार पडल्यावर चौथी. आठवड्याभरात सतरा-अठरा बुड्या सहज होतात. तुम्ही आजवर एका सुट्टीत मारलेल्या बुड्यांशी ताडून बघा, म्हणजे तयारी नेमकी कशाची करायची ते लक्षात येईल.

एकेक बुडी घेतली तर तुमच्या आवाक्याबाहेरचं तिच्यात फार नसतं. बेरीज मात्र वेगळी असते. पाण्याखाली दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो आणि श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि पेशींमध्ये विरघळत जातो. सगळे अवयव तो सारख्या वेगाने घेत नाहीत. स्वयंपाकघरात मूग लवकर भिजतात आणि छोल्यांना अख्खी रात्र लागते, तसंच इथे आहे : रक्त, मेंदू झटपट भरतात आणि झटपट रिकामेही होतात, सांध्यांच्या कूर्चा, चरबी सावकाश भरतात आणि सावकाशच रिकाम्या होतात. दोन बुड्यांच्या मधल्या दोन-तीन तासांत हे सावकाश भाग पुरते मोकळे होत नाहीत. सोमवारचं थोडं मंगळवारात, मंगळवारचं बुधवारात जमत राहतं. नायट्रोजनच्या जोडीला थकवाही साठतो, अपुरी झोपही, अंगातलं कमी झालेलं पाणीही. चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस चुकतो तो बहुधा त्यामुळे.

म्हणून माझा पहिला सल्ला : घरून निघतानाच ठरवा की आठवड्याच्या मध्यावर एक दुपारची बुडी सोडायची. पैसे भरलेत, पाणी निळंशार आहे, मित्र चाललेत, अशा वेळी "आज मी येत नाही" म्हणायला जीव होत नाही; आधीच ठरलेलं असेल तर सोपं जातं. मालदीवच्या व्हावू अटॉलमध्ये (अटॉल म्हणजे प्रवाळाच्या कड्याने वेढलेला बेटांचा समूह) धोणीवर सगळी तयारी झाल्यावर पुण्याच्या एका बाईंना मी फिन्स काढून ठेवताना पाहिलं. कान नीट मोकळे होत नव्हते, एवढंच कारण. गाईडने एक अक्षरही न विचारता त्यांच्या सिलेंडरची तोटी बंद केली. चांगल्या बोटीवर हे असंच होतं, आणि होत नसेल तर बोट चांगली नाही असं समजा.

दुसरा सल्ला, नायट्रॉक्स शिका. एका दिवसात होणारा कोर्स आहे, त्यातला बराचसा वर्गातला. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. नायट्रॉक्सच्या सिलेंडरमध्ये तो बहुधा ३२ टक्के असतो, म्हणजे नायट्रोजन तेवढा कमी. पाडी या संस्थेच्या तक्त्यानुसार १८ मीटरवर साध्या हवेवर ५६ मिनिटं राहता येतं, ३२ टक्के नायट्रॉक्सवर ९५. उलट बाजू अशी की जास्त ऑक्सिजन जास्त खोलीवर विषारी ठरतो, पाण्याखाली झटके येऊ शकतात. ३२ टक्क्यांना साधारण ३३ मीटरची मर्यादा पाळतात. मालदीवच्या नियमांनी हौशी बुडी ३० मीटरवरच थांबवली आहे, त्यामुळे दोन्ही जुळून येतं. बोटीवर प्रत्येक सिलेंडरमधला ऑक्सिजन तुम्ही स्वतः यंत्राने मोजायचा, तो आकडा आपल्या कॉम्प्युटरमध्ये भरायचा आणि वहीत सही करायची. नवऱ्याने मोजला म्हणून बायकोने सही केली, असं करू नका.

डाइव्ह कॉम्प्युटरही दोघांचे दोन हवेत. तो तुमच्या आधीच्या सगळ्या बुड्यांचा हिशेब ठेवतो, म्हणून मधेच बदलायचा नाही, एकमेकांना द्यायचा नाही. आताच घ्या आणि नेत्राणीच्या पुढच्या फेरीत त्याच्याशी ओळख करून घ्या. बोटीवर पहिल्या दिवशी पुस्तिका उघडून बसलेली माणसं बघून मला फार वाईट वाटतं, कारण त्यांचं सगळं लक्ष मनगटाकडे असतं आणि मासे निघून जातात.

परतीचं विमान याच हिशेबात धरा. सलग अनेक दिवस बुड्या मारल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यावेत, असं डायव्हर्स अलर्ट नेटवर्क म्हणजे डॅन ही संस्था सांगते. बोटीवाले सहसा २४ तास धरतात, तुम्हीही तेच धरा.

आता तुमची गोळी. कोर्सच्या वेळी भरलेला वैद्यकीय फॉर्म आठवत असेल. बोटीवर तोच पुन्हा भरून घेतात आणि त्यात ४५ च्या पुढे वय असून ब्लडप्रेशर, कोलेस्टेरॉल किंवा धूम्रपान आहे का, असा प्रश्न असतो. तुमचं उत्तर 'हो' आहे. म्हणजे डॉक्टरांची सही लागणार, आणि ती मालेला पोचल्यावर मिळणार नाही. 'नाही' लिहून मोकळे होणारे भेटतात. कृपा करून तसं करू नका, कारण बुडी मारताना होणाऱ्या मृत्यूंमध्ये हृदयविकाराचा वाटा मोठा आहे. गळ्यापर्यंत पाण्यात उतरलं की पायांतलं बरंचसं रक्त छातीकडे सरकतं. पाण्यात उतरल्यावर लघवीला लागते तीही त्यामुळेच. निरोगी हृदय हा भार सहज पेलतं. रक्तदाब आटोक्यात नसेल तर क्वचित फुप्फुसांत पाणी उतरतं. पाण्याखाली विनाकारण धाप लागली, खोकला येऊ लागला, तर बडीला, म्हणजे बुडीतल्या जोडीदाराला, खूण करून सावकाश वर यायचं आणि ऑक्सिजन मागायचा.

फिजिशियनकडे जाल तेव्हा 'बुडी मारणार आहे' एवढंच सांगून थांबू नका. गोळीचं नाव काढा आणि विचारा. बीटा ब्लॉकर असेल तर जोर लावायच्या वेळी हृदयाचा वेग वाढू देत नाही. एसीई इन्हिबिटर गटातली असेल तर काहींना कोरडा खोकला लागतो, आणि पंचवीस मीटरवर तो नको असतो. डॉक्टरांना गोळी बदलावीशी वाटली तर ती अंगवळणी पडायला वेळ हवा, म्हणून हे काम या महिन्यातच करा. जमल्यास स्ट्रेस टेस्टही. त्याच फॉर्ममध्ये तब्येतीची एक साधी कसोटी दिली आहे : १.६ किलोमीटर १४ मिनिटांत चालता येतं का, किंवा २०० मीटर न थांबता पोहता येतं का. ही किमान पातळी आहे. ओढीच्या उलट फिन्स मारायची वेळ येते तेव्हा याहून जास्त दम लागतो. आठवड्यातून तीनदा तलावात, त्यातला थोडा वेळ फिन्स घालून, असं जानेवारीपर्यंत केलंत तर मांड्या तयार होतील.

वहिनींच्या बोट लागण्यावर फेब्रुवारी हाच अर्धा उपाय आहे. डिसेंबर ते एप्रिल ईशान्येचे वारे असतात आणि समुद्र त्यातल्या त्यात शांत. शिवाय बोट बराच काळ अटॉलच्या आत, प्रवाळाच्या आडोशाला असते. एका अटॉलमधून दुसऱ्यात जाताना दोन-तीन तास काय ते हेलकावे. ॲव्होमिन, स्टुजेरॉन आपल्याकडे सगळे घेतात, पण दोन्हींनी गुंगी येते, ॲव्होमिनने बरीच. डॉक्टरांना विचारून घरी सुट्टीच्या दिवशी एकदा घेऊन बघायची : किती झोप येते, किती वेळ राहते. पेंगुळलेल्या माणसाने पाण्यात उतरू नये, त्यामुळे अटॉल ओलांडायच्या आदल्या रात्री घेतलेली बरी. केबिन निवडता येत असेल तर बोटीच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची मागा. टोकाला आणि वरती हेलकावे जास्त बसतात. रिकाम्या पोटी राहू नये, आलेपाक जवळ ठेवावा, मोबाइलमध्ये डोकं घालू नये, क्षितिजाकडे बघावं. आणि एक दिलासा : पाच-सहा मीटर खाली गेलं की लाटांचं हलणं बरंच ओसरतं, मळमळणाऱ्या माणसाला तिथे बरं वाटू लागतं.

कानांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण या आठवड्यात माणसं बोटीवर बसून राहतात ती बहुतेक कानांमुळे. दडे बसणं तुम्हाला माहीत आहे. उतरताना दुखायच्या आधीच, दर मीटरला कान मोकळे करायचे. एकदा दुखू लागल्यावर जोर लावून उपयोग नसतो, मीटरभर वर जाऊन पुन्हा प्रयत्न करायचा. सर्दी असेल तर नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरू नका. तिचा असर पाण्याखाली संपला तर वर येताना कानात आणि कपाळात हवा अडकते, आणि वर येणं काही टाळता येत नाही. दुसरा त्रास बाहेरच्या कानाचा. दिवसातून तीन-चार वेळा भिजलेली त्वचा मऊ पडते आणि पाचव्या दिवशी कान ठणकू लागतो. प्रत्येक बुडीनंतर गोड्या पाण्याने कान धुवायचे, मान कलती करून पाणी निथळू द्यायचं, टॉवेलच्या टोकाने कोरडे करायचे. इअरबड नको, घरच्या सवयीने कोमट तेलही नको. कानात घालायचे थेंब न्यायचे असतील तर आधी डॉक्टरांकडून पडदा शाबूत असल्याची खात्री करून घ्या.

आता पाण्यातलं कसब. मालवण-तारकर्लीला पाणी कितीही गढूळ असलं तरी तळ जवळ असतो आणि ओढ बेताची असते. मालदीवमध्ये पाणी नितळ आणि ओढ दांडगी. हिंदी महासागराचं पाणी अटॉलच्या कड्यातल्या खिंडींमधून आत-बाहेर जातं. या खिंडींना तिथे कंडू म्हणतात. फेब्रुवारीत पूर्वेकडच्या कंडूंमधून समुद्राचं स्वच्छ पाणी आत घुसतं आणि त्याच्या तोंडाशी ग्रे रीफ शार्क पाण्यात जागच्या जागी उभे राहिल्यासारखे तरंगत असतात. प्लवक पश्चिमेकडे जमतात, म्हणून या दिवसांत ते खाणारे मांटा रे बघायला अटॉलच्या पश्चिम बाजूला जातात. अशा बुडीची उडी कशी असते ते सांगते. धोणी कंडूच्या तोंडाबाहेर, खोल निळ्या पाण्यावर थांबते. बीसीडीतली, म्हणजे तरंगायच्या जॅकेटमधली, हवा आधीच काढून टाकलेली. गाईड "गो" म्हणतो, एका हाताने मास्क आणि रेग्युलेटर दाबून सगळे एकापाठोपाठ एक उड्या घेतात आणि वर न रेंगाळता थेट खाली जातात. वर रेंगाळलं की ओढ तुम्हाला खिंडीच्या तोंडावरून पुढे घेऊन जाते आणि बाकीचे खाली राहतात. पंचवीस-अठ्ठावीस मीटरवर खिंडीची कड लागते. तिथे मेलेल्या प्रवाळाच्या खाचेत आकडा अडकवायचा, त्याची दोरी बीसीडीला, बीसीडीत चिमूटभर हवा भरायची, म्हणजे कड्याला न टेकता तुम्ही वाऱ्यातल्या झेंड्यासारखे पाण्यात राहता आणि शार्क समोर. हवा किंवा वेळ कमी झाला की आकडा सोडायचा आणि ओढीबरोबर आत वाहत जायचं.

ओपन वॉटरच्या कार्डावर तुम्हाला १८ मीटरपर्यंतच जाता येतं. म्हणजे ॲडव्हान्स्ड कोर्स हवाच. त्यात खोल बुडी आणि दिशाशोधन सक्तीचं असतं, उरलेल्या तीन बुड्या निवडता येतात. ओढीतली बुडी आणि तरंगण्यावरचा ताबा या दोन नक्की घ्या. ऑक्टोबरनंतर समुद्र उघडला की तारकर्ली, गोव्याजवळचं ग्रँड आयलंड किंवा नेत्राणीला सराव करा, आणि जमलं तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अंदमानात स्वराज द्वीपला जाऊन हा कोर्स करा. तिथे खोलीही मिळते आणि ओढही. अनेक मालदीव बोटी अवघड मार्गांसाठी पन्नास नोंदलेल्या बुड्या मागतात. तुमच्या मित्रांना त्यांचा मार्ग विचारा. दक्षिणेकडच्या अटॉलचा असेल तर माझ्या मते या वर्षी नको. उत्तर माले, व्हावू, आरी असा मधला मार्ग असेल तर वरच्या सरावानंतर झेपेल. कोणत्याही कंडूच्या बुडीआधी गाईडला आपला अनुभव खरा सांगा.

सरावात दोन गोष्टींवर वेळ घालवा. एक, वजन. भरलेला सिलेंडर बुडीच्या शेवटी सुमारे दोन किलोने हलका होतो. सिलेंडर रिकामा होत आला असताना पाच मीटरवर, बीसीडीत हवा न ठेवता, स्थिर राहता यायला हवं. नवी माणसं दोन-चार किलो जास्तच बांधतात, मग दिवसभर हवा भरत आणि सोडत बसतात, सिलेंडर लवकर संपतो आणि खालचं प्रवाळ फिन्सखाली मोडतं. १९९८ आणि २०१६ साली समुद्र तापून मालदीवचं किती प्रवाळ पांढरं पडून मेलं, ते आजही दिसतं. उरलेलं आपल्या पायाखाली मोडू नये याची मला मनापासून कळकळ आहे.

दुसरी गोष्ट, सॉसेज. पाण्याखालून फुगवून वर सोडायची ती नारिंगी नळी. ओढीने तुम्हाला कुठे वर काढलं ते धोणीला कळायचा तोच मार्ग. लाटांमधून माणसाचं डोकं दिसत नाही, उभी नारिंगी नळी लांबून दिसते. दोघांकडे दोन हव्यात, एकमेकांवर भिस्त नको. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायच्या वेळी ती सोडायची : नळी उलगडायची, रिळाची दोरी कुठेही अंगाला, तोटीला गुंडाळलेली नाही हे बघायचं, तोंडातून थोडी हवा सोडायची, आणि नळी वर झेपावली की रीळ बोटात मोकळं फिरू द्यायचं. घाबरून रीळ घट्ट धरलं की नळीबरोबर माणूसही वर जातो. तलावात हे इतक्यांदा करा की बघावं लागू नये.

बोट पक्की करण्याआधी मित्रांना काही प्रश्न विचारायला लावा. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियाजवळ कन्सेप्शन नावाच्या डाइव्ह बोटीला रात्री आग लागली आणि खाली झोपलेले ३४ जण गेले. रात्री गस्त घालणारं कोणी जागं नव्हतं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये लाल समुद्रात सी स्टोरी बुडाली, तीही पहाटे, लोक झोपेत असताना. म्हणून विचारायचं : रात्रभर कोणी जागं असतं का? खालच्या केबिनमधून बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, आणि ती कुलूपबंद तर नसते? बॅटऱ्या कुठे चार्ज करतात? ऑक्सिजन किती आहे? पहिल्या संध्याकाळी बिछान्यापासून डेकपर्यंतची वाट दोघांनी डोळे मिटून एकदा चालून बघा. कॅमेऱ्याच्या, टॉर्चच्या बॅटऱ्या केबिनमध्ये चार्जिंगला लावून झोपू नका.

विमा वेगळा काढा. साध्या प्रवास विम्यात स्कूबा बहुधा वगळलेलं असतं किंवा खोलीची अट असते. पॉलिसीतलं ते कलम शोधून वाचा. डॅनसारख्या संस्थांचा खास डायव्हर विमा मिळतो. मालदीवमध्ये बंडोस, कुरामथी अशा बेटांवर रिकम्प्रेशन चेंबर आहेत, पण बोटीवरून तिथवर पोचवायचा आणि उपचारांचा खर्च मोठा असतो. सांधा दुखतो, मुंग्या येतात, अंगावर चट्टे उठले, नेहमीपेक्षा फारच गळून गेल्यासारखं वाटतं, यांतलं काही बुडीनंतर झालं तर लगेच सांगायचं. "काल खांदा अवघडला असेल" म्हणून अंगावर काढायचं नाही.

आणि यादी. मऊ, घडी होणारी बॅग, कारण केबिनमध्ये कडक सुटकेस ठेवायला जागा नसते. स्वतःचा मास्क, चष्मा असेल तर नंबराचा, आणि एक जादा. कॉम्प्युटर, सॉसेज, शिट्टी, लहान टॉर्च, आकडा. तीन मिलिमीटरचा पूर्ण वेटसूट : पाणी २७ ते ३० अंश असलं तरी ते हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढतं आणि तिसऱ्या बुडीला थंडी वाजतेच. पायांना बसणारे फिन्स. बीसीडी, रेग्युलेटर भाड्याने चालतील, मापं आधी कळवा. मास्कचा पट्टा, ओ-रिंग, माउथपीस, झिप-टाय एका डबीत. ओआरएसची पाकिटं, कारण गरम हवा, खारं पाणी आणि वाढलेली लघवी यांनी अंगातलं पाणी भराभर कमी होतं. पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, म्हणजे सनस्क्रीन कमी लागतं; लावाल ते झिंक ऑक्साइडचं घ्या. गोळ्यांचा पुरता साठा आणि प्रिस्क्रिप्शन. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत. कपडे अगदी थोडे. आठवडाभर तुम्ही अनवाणी आणि ओले असणार आहात.

प्रश्न : आम्हीही मालदीवला बोटीने जाणार आहोत. घरचे शाकाहारी आहेत आणि सासूबाईंनी प्रवासासाठी गणपतीची छोटी पितळी मूर्ती दिली आहे. कस्टममध्ये काही अडचण येईल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : येऊ शकते. पूजेच्या मूर्ती मालदीवमध्ये आणायला मनाई आहे, मद्य आणि डुकराच्या मांसाचे पदार्थही. मूर्ती घरीच राहू द्या, सासूबाईंना आधी सांगून ठेवा, विमानतळावर ती काढून द्यायची वेळ मनाला लागते. येतानाही सांभाळा : प्रवाळाचे तुकडे, कासवाच्या पाठीच्या वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत.

भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून प्रवेश पोचल्यावर विनाशुल्क मिळतो. प्रवासाच्या ९६ तास आधीपासून इमुगा नावाच्या सरकारी पोर्टलवर फॉर्म भरायचा असतो.

जेवणाचं बोट पक्की करतानाच लेखी कळवा. मालदीवचं जेवण ट्यूनावर उभं आहे. नाश्त्याची 'मास हुनी'सुद्धा नारळ आणि ट्यूनाची. वरकरणी भाजीच्या दिसणाऱ्या रश्श्यात माशाचं पाणी असू शकतं, म्हणून 'मासे नाहीत आणि माशाचा रस्साही नाही' असं स्पष्ट लिहा. एकदा बोट निघाली की मध्येच बाजार नाही. डाळ-भात, रोशी म्हणजे तिथली पोळी, फळं, अंडी चालत असतील तर अंडी, एवढ्यावर आठवडा निघतो. चिवडा, शेंगदाण्याचे लाडू, मेतकूट नेलंत तर पहाटेच्या बुडीनंतर लागणाऱ्या भुकेला कामी येईल.

प्रश्न : मुलगी आणि जावई डायव्हर आहेत, मालदीवच्या बोटीवर मलाही चला म्हणतात. मी ६३ वर्षांची, पोहता येतं, पण बुडी मारणार नाही. कंटाळा येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : येईल, असं मला वाटतं. बोटीचं वेळापत्रक बुडी मारणाऱ्यांसाठी आखलेलं असतं. ते पाण्यात असतात, जेवतात आणि झोपतात. ज्या कंडूंवर त्यांची बुडी असते तिथली ओढ स्नॉर्केलिंगला धोक्याची, त्यामुळे तुम्हाला संध्याकाळच्या एखाद्या वाळूच्या बेटापर्यंत वाट बघावी लागेल.

त्यापेक्षा तिघांनी मिळून वस्तीच्या बेटावरच्या गेस्टहाउसमध्ये राहा. दक्षिण आरीमधलं धिगुराह घ्या. तिथून रोज बोटी व्हेल शार्क बघायला जातात आणि तो मासा वर्षभर त्या भागात असतो. तोंडावर मास्क आणि नळी लावून, लाइफ जॅकेट घालून तुम्ही पाण्यावरून तो बघू शकता. मुलगी-जावयाला तिथल्याच डाइव्ह सेंटरमधून दिवसाला दोन बुड्या मिळतील आणि दुपारचं जेवण तिघांचं एकत्र होईल. वस्तीच्या बेटावर मद्य मिळत नाही आणि पोहण्याचे तोकडे कपडे ठरावीक किनाऱ्यावरच चालतात, गावात फिरताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. स्नॉर्केलिंगला निघताना पाठ आणि पायांच्या मागची बाजू झाकणारे कपडे घाला. पाण्यावर पालथं तरंगताना ऊन नेमकं तिथे भाजतं आणि ते रात्री कळतं.